रोजच्या लिखाणासाठी निळी-काळी शाई कशी निवडावी

फाउंटन पेनाने नियमित लिहिणाऱ्याने एकच शाई ठेवायची ठरवले, तर ती निळी-काळी असावी, असे मला वाटते. ती निळीइतकी शाळकरी दिसत नाही आणि काळीइतकी छापील दिसत नाही. कागदाची झेरॉक्स काढली तर फिक्या निळ्या शाईसारखी ती पुसट येत नाही, आणि सहीची मूळ प्रत कोणती व झेरॉक्स कोणती हे नुसत्या नजरेने ओळखता येते. सरकारी कार्यालयांत हिरवी व लाल शाई वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती राखलेली असते आणि बाकी सर्वांनी निळी किंवा काळी वापरायची असते. तिथेही या शाईवर कोणी बोट ठेवत नाही.

अडचण निवडीची आहे. ‘ब्लू-ब्लॅक’ अशी चिठ्ठी लावलेल्या बाटल्या डझनावारी मिळतात आणि त्यांच्या आतला माल एकमेकांशी मुळीच जुळत नाही. बहुतेक जण पडद्यावर रंगाचे ठिपके पाहून निवड करतात आणि पहिल्या पावसाळ्यात किंवा पहिल्या स्वस्त वहीवर निराश होतात. म्हणून रंगाचा विचार शेवटी करावा. आधी शाईचा प्रकार, मग काम, पेन आणि कागद हे ठरले की रंगासाठी दोन-तीनच बाटल्या उरतात आणि त्यांतून आवडती निवडणे सोपे जाते.

पायरी पहिली : बाटलीत काय आहे ते ओळखा

निळ्या-काळ्या शाईचा मूळ प्रकार लोहयुक्त आहे. ओक झाडाच्या फांदीवर गांधीलमाशीच्या जातीचा एक बारीक कीटक अंडी घालतो, तेव्हा झाड त्या जागी गाठ धरते. ही गाठ म्हणजेच आपल्या बाळगुटीतले मायफळ. या गाठीत टॅनिन भरपूर असते. त्याचा हिराकसाशी, म्हणजे लोहाच्या क्षाराशी, संयोग झाला की काळा रंग तयार होतो. शेकडो वर्षे युरोपातील दस्तऐवज याच शाईने लिहिले गेले. पण ताजी शाई फिकट असते आणि हवेतील ऑक्सिजन लागल्यावरच काळी पडते, त्यामुळे लिहिताना अक्षर नीट दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग मिसळण्याची पद्धत रूढ झाली. लंडनमध्ये हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातील शाई याच धाटणीची होती. अक्षर निळे उमटते, मग काही तासांत ते काळपट होत जाते आणि काळा भाग कागदाच्या तंतूंत जाऊन बसतो, तिथून तो पाण्याने निघत नाही. जुन्या दस्तऐवजांचा कागद काही ठिकाणी याच शाईतील आम्लाने खाल्लेला आढळतो, हे खरे आहे. मात्र आज फाउंटन पेनासाठी मिळणाऱ्या लोहयुक्त शाया त्या मानाने पुष्कळ सौम्य असतात.

आज या प्रकारात पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, प्लॅटिनम ब्लू-ब्लॅक, रोहरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स आणि डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक या शाया मिळतात. शेवटचीचे नावच सांगते की ती इंग्लंडमधील जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या वह्यांसाठी तयार झाली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी पेलिकनचा शोध घेण्यात वेळ घालवू नये, कारण ही एक शाई तिथे अधिकृतपणे विकली जात नाही. त्यांनी सॅलिक्स किंवा प्लॅटिनम घ्यावी.

दुसरा प्रकार निव्वळ रंगद्रव्याच्या पाण्याचा. पार्करची क्विंक, वॉटरमनची पूर्वी ब्लू-ब्लॅक म्हणून विकली जाणारी आणि आता मिस्टिरियस ब्लू या नावाने मिळणारी शाई, पायलटची साधी ब्लू-ब्लॅक, त्याच कंपनीच्या इरोशिझुकू मालिकेतील शिन-काई आणि त्सुकि-यो, डायमाइनच्या अनेक छटा, या सर्व या गटात येतात. पेनाला त्या सर्वांत कमी त्रास देतात, धुऊन लवकर निघतात आणि कागदावरूनही बहुधा तितक्याच लवकर निघतात. पायलट ब्लू-ब्लॅक हा यातला सुखद अपवाद आहे, कारण पाणी पडले तरी तिचे अक्षर बऱ्यापैकी वाचता येते.

तिसरा प्रकार पिगमेंटचा. सेलरची सेइबोकु आणि सोउबोकु ही त्याची उत्तम उदाहरणे. यात रंग विरघळलेला नसतो, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात पाण्यात तरंगत असतो. वाळल्यावर तो पाण्याला दाद देत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पेनाच्या आत घडली तर जाचक ठरते. चौथा प्रकार अमेरिकेतील नूडलर्सच्या ‘फिफ्टी-फोर्थ मॅसॅच्युसेट्स’सारख्या शायांचा. या शाया कागदातील सेल्युलोजला धरून बसतात. टिकाऊपणात त्या अव्वल आहेत, पण गुळगुळीत कागदावर फार वेळ ओल्या राहतात.

एक सावधगिरी बाळगावी. लामी आणि मोंब्लां या दोन्ही कंपन्यांच्या निळ्या-काळ्या शाया एके काळी लोहयुक्त होत्या, आता नाहीत. त्यामुळे जुन्या शिफारसी वाचून त्या टिकाऊ म्हणून घेऊ नयेत. शंका असेल तर घरीच पडताळा घेता येतो. टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी कापावी, खालच्या टोकापासून थोडे वर शाईचा ठिपका द्यावा आणि टोक पाण्याला टेकवावे. पाणी वर चढताना रंगद्रव्ये सुटी होऊन वर सरकतात. लोहयुक्त शाईत निळा पट्टा वर निघून जातो आणि ठिपक्याच्या जागी करडा डाग चिकटून राहतो, तो दुसऱ्या दिवशी आणखी गडद झालेला दिसतो.

पायरी दुसरी : शाई कशासाठी हवी ते लिहून काढा

वर्गातील टिपणे, रोजनिशी, कार्यालयातील शेरे, चेक, पाकिटावरचे पत्ते आणि मसुदे या प्रत्येकाची मागणी वेगळी असते. चेक आता यंत्रात स्कॅन होऊन प्रतिमेच्या रूपाने पुढे जातो, म्हणून तिथे शाई गडद हवी आणि ती पाण्याने धुऊन रक्कम बदलता येऊ नये. या कामाला लोहयुक्त शाईच वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे. घरातल्या ब्लीचने कोणी छेडछाड केली, तरी निळा रंग उडतो पण लोहाचा तपकिरी डाग मागे राहतो आणि लबाडी उघडी पडते. पाकिटावरच्या पत्त्यालाही पाण्यात टिकणारी शाई लागते. जुलैत कोकणात पाठवलेल्या रजिस्टर पत्राचे पाकीट ज्याने हातात घेतले आहे, त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. मसुदे आणि वर्गातील टिपणे मात्र कायमची जपायची नसतात, तिथे साधी रंगद्रव्याची शाई पुरते आणि पेन धुण्याचा व्याप वाचतो.

पायरी तिसरी : पेनाची प्रकृती पाहा

काही पेने ओली लिहितात, म्हणजे निबमधून शाई सढळ उतरते, तर काही कोरडी लिहितात. शायांचेही तसेच आहे. पेलिकन ४००१ ही कोरडी शाई म्हणून ओळखली जाते आणि वॉटरमन मोकळी वाहते. ओल्या पेनात कोरडी शाई आणि कोरड्या पेनात मोकळी शाई भरली की बहुतेक तक्रारी आपोआप मिटतात. आपल्याकडची हाताने घडवलेली एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, पेने, राजमहेंद्रीच्या रत्नमसारखी, बहुधा सढळ लिहितात. त्यांना पेलिकन फार शोभते, अक्षर बारीक येते आणि कागदही भिजत नाही.

पण याच पेनांचा एक पेच आहे. ड्रॉपरने भरायच्या पेनात दोन ते चार मिलिलिटर शाई मावते आणि ती संपायला कित्येक दिवस लागतात. लोहयुक्त शाई पेनात फार दिवस मुरू देऊ नये. म्हणून थोडीच भरावी म्हटले, तर शाई तळाला गेल्यावर हाताच्या उबेने नळीतील हवा प्रसरण पावते आणि निबमधून टपकन थेंब पडतो. मार्च ते मे या काळात हा प्रकार हमखास घडतो. यातून मार्ग असा की ड्रॉपरचे पेन रोज भरपूर लिहिणाऱ्यानेच लोहयुक्त शाईला द्यावे. इतरांनी ते रंगद्रव्याच्या शाईसाठी ठेवावे आणि लोहयुक्त शाई कन्व्हर्टरच्या, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी असलेल्या, पेनात भरावी, जिथे पाऊण मिलिलिटर शाई आठवड्याभरात संपून जाते.

धातूचाही विचार करावा. सोन्याच्या निबला या शायांतील आम्लाचे भय नाही आणि चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या निबला वेळच्या वेळी धुतल्यास काही होत नाही. स्वस्त पेनांच्या मुलामा दिलेल्या निब आणि जुन्या साध्या पोलादी निब मात्र खात्रीने खराब होतात. आजोबांच्या काळचे रबरी फुगा असलेले पेन असेल, तर त्यात वॉटरमन किंवा क्विंक याखेरीज प्रयोग करू नये. पिगमेंटची शाई अशाच पेनात भरावी ज्याचे टोपण हवाबंद बसते. प्लॅटिनमची ३७७६ सेंच्युरी आणि त्याच कंपनीची अगदी स्वस्त प्रेपी या दोन्हींच्या टोपणात आतली स्प्रिंगवाली टोपी असते आणि कित्येक आठवडे न लिहिताही निब ओली राहते.

पायरी चौथी : आपल्याच कागदावर, देवनागरीत चाचणी घ्या

या पायरीवर घाई करू नये. पूर्ण बाटली घेण्यापूर्वी दोन-तीन मिलिलिटरचे नमुने मिळवावेत. काही दुकाने ते विकतात आणि शाईच्या शौकिनांत त्यांची आपसात देवघेव चालतेच. तेही न जमल्यास लहान बाटली घ्यावी. डायमाइनची ३० आणि इरोशिझुकूची १५ मिलिलिटरची बाटली मिळते.

परदेशी परीक्षणांत शाई बहुधा भारी जपानी कागदावर दाखवलेली असते. तो कागद शाईला पृष्ठभागावर धरून ठेवतो, त्यामुळे झळाळी दिसते आणि प्रत्येक शाई देखणी वाटते. आपले लिखाण मात्र शाळेच्या वहीत, बँकेच्या अर्जावर, ७० किंवा ७५ जीएसएमच्या झेरॉक्सच्या कागदावर आणि कधी लेजर पेपरवर होते. यांपैकी जे तीन कागद आपल्या रोजच्या वापरात आहेत, तेच चाचणीला घ्यावेत. प्रत्येक कागदावर त्याच पेनाने आणि त्याच मजकुराने सुरुवात करावी, नाहीतर फरक शाईचा की निबचा हे कळत नाही.

मजकूरही देवनागरीतच असावा. रोमन अक्षरांत सुरेख दिसणारी शाई देवनागरीत गचाळ दिसू शकते आणि त्याची कारणे लिपीतच आहेत. आपण शब्द लिहून झाल्यावर वर शिरोरेषा ओढतो. प्रत्येक उभ्या दांड्याच्या माथ्यावर ओल्या शाईवर पुन्हा शाई पडते आणि फुटण्याची सुरुवात नेमकी तिथून होते. अनुस्वाराचा ठिपका पसरून रेषेला चिकटतो. ध, घ, भ यांच्या गाठी भरून जातात आणि ‘ष’च्या पोटातील तिरकी रेघ बुजून तो ‘प’ वाटू लागतो. यासाठी चाचणीच्या ओळीत श्रद्धा, घट्ट, ज्येष्ठ, क्षितिज, द्वंद्व, उद्ध्वस्त असे शब्द मुद्दाम घालावेत आणि ते आपल्या नेहमीच्या वेगाने व नेहमीच्या आकारात लिहावेत. मग भिंग घेऊन ‘द्ध’ आणि ‘ष्ठ’ पाहावेत. गाठीतील पांढरी जागा शिल्लक असेल, तर ती शाई त्या कागदाला चालते. शिरोरेषेच्या खालच्या कडेला केसाळ तंतू निघालेले दिसले, तर ती शाई तिथे फुटते, मग रंग कितीही सुंदर असो.

पान उलटून मागची बाजू पाहावी. अक्षरांची पुसट सावली दिसणे चालून जाते, पण ठिपके पार झाले असतील, तर त्या वहीत पाठपोट लिहिता येणार नाही. लोहयुक्त शाया या दोन्ही कसोट्यांवर स्वस्त कागदावर बहुतेक वेळा सरस ठरतात, आणि एवढ्या एका गुणासाठी त्यांची देखभाल पत्करावी असे माझे मत झाले आहे.

वाळण्याचा वेळ मोजायला एकाच ओळीत सहा रेघा ओढाव्यात आणि ५, १०, १५, २०, ३०, ४० सेकंदांनी एकेकीवरून बोट फिरवावे. डावखुऱ्यांनी आणि टिपकागद न वापरणाऱ्यांनी १५ सेकंदांच्या आत न वाळणारी शाई बाजूला ठेवावी. झळाळीसाठी नावाजलेल्या शायांत रंगद्रव्य इतके दाट असते की त्या कित्येक दिवसांनीही दमट बोटाला लागतात. मुंबई-कोकणात त्या रोजच्या कामाला घेऊ नयेत. हीच चाचणी जमल्यास पावसाळ्यात एकदा पुन्हा करावी, कारण दमट हवेत कागद आधीच ओल धरून असतो आणि उन्हाळ्यात शहाण्यासारखी वागणारी शाई तेव्हा पसरू लागते.

पायरी पाचवी : पाणी आणि ऊन

लिहून चोवीस तास झाल्यावर अक्षरांवर पाण्याचा मोठा थेंब सोडावा, एक मिनिट तसाच राहू द्यावा आणि न चोळता टिपून घ्यावा. कागदावरचा निळा रंग थोडा सुटला तरी हरकत नाही, खाली वाचता येईल असे करडे अक्षर उरले पाहिजे. लोहयुक्त शाईची चाचणी लिहिल्याबरोबर घेऊन ती नापास करणे अन्यायाचे आहे, कारण तिचा काळा भाग तयार व्हायलाच वेळ लागतो.

उन्हासाठी चाचणीच्या कागदाची अर्धी बाजू जाड काळ्या कागदाने झाकावी आणि तो दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला तीन-चार आठवडे लावून ठेवावा. झाकण काढले की शाईचा खरा स्वभाव समोर येतो. क्विंक आणि वॉटरमन या दोन्ही फिकट होताना हिरवट निळ्याकडे झुकतात. काहींना तो रंग आवडतो, मला दस्तऐवजावर आवडत नाही. लोहयुक्त शाईचा निळेपणा उडतो पण करडे-काळे अक्षर जागेवर राहते. पिगमेंटची शाई बहुधा जशीच्या तशी असते.

पायरी सहावी : आता रंग

इथपर्यंत आल्यावर दोन-तीन शाया शिल्लक राहिल्या असतील. त्यांतील निवड निव्वळ आवडीची आहे, फक्त ती दिवसाच्या उजेडात करावी, कारण पिवळ्या दिव्याखाली सर्व निळ्या-काळ्या शाया सारख्याच मळकट दिसतात. ढोबळ मानाने या रंगाचे तीन कल आहेत. पेलिकन, सॅलिक्स आणि शिन-काई करड्याकडे झुकतात. वॉटरमन, क्विंक आणि त्सुकि-यो हिरवट निळ्याकडे जातात. पायलट ब्लू-ब्लॅक निळेपणा राखते आणि दाट पडली तिथे किंचित लालसर झाक दाखवते. सॅलिक्स लोहयुक्त असूनही सौम्य आणि फिकट आहे. बारीक निबने लिहिणाऱ्याला ती कदाचित पुसट वाटेल, रुंद निबमध्ये मात्र एकाच अक्षरात फिकट-गडद छटा सुरेख दिसतात. प्लॅटिनम त्याहून गडद आहे आणि लिहिल्यानंतरचा तिचा रंगबदल नजरेला कळण्याइतका ठळक असतो. सकाळचे पान संध्याकाळी उघडावे, वेगळ्याच बाटलीतून लिहिल्यासारखे वाटते.

कोणी एकच नाव विचारले, तर पहिल्यांदाच या रंगाकडे वळणाऱ्याला मी पायलट ब्लू-ब्लॅक सांगेन, कारण तिला पेनाची विशेष निगा लागत नाही आणि साध्या कागदावरही ती अब्रू राखते. जुना लिहिता हात असलेल्याला आणि पेन धुण्याची सवय असलेल्याला पेलिकन ४००१ सांगेन.

पायरी सातवी : महिनाभर एकच शाई, एकच पेन

आवड नमुन्याच्या ठिपक्यावर ठरत नाही. निवडलेली शाई रोजच्या पेनात भरून महिनाभर तीच वापरावी आणि तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. रात्रभर बंद ठेवलेले पेन सकाळी पहिल्या रेघेला उमटते का? भराभर लिहिताना निबखालच्या जिभेतून शाई कमी पडून अक्षरे तुटतात का? आणि जुनी पाने चाळताना ती वाचावीशी वाटतात का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर मोठी बाटली घ्यायला हरकत नाही. पेलिकनची ६२.५ मिलिलिटरची बाटली कन्व्हर्टरच्या पेनाला ऐंशीहून अधिक वेळा पुरते, म्हणजे रोज दोन-तीन पाने लिहिणाऱ्याला वर्षभर तरी दुसरी घ्यावी लागत नाही.

निवडीनंतरची निगा

लोहयुक्त शाई वापरताना पेन दर दोन-तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, धुवावे. पंधरा दिवस लिहायचे नसेल, तर आधी रिकामे करून ठेवावे. दुर्लक्षामुळे आत काळा थर धरलाच, तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या व्हिटॅमिन सीची चिमूटभर पूड कपभर पाण्यात विरघळवून त्यात निब काही तास बुडवावी. ते न विरघळणारे लोह पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणते. चवीच्या व साखरेच्या गोळ्या किंवा लिंबाचा रस यासाठी वापरू नये, कारण साखर आणि गर आत राहिला की बुरशीला आमंत्रणच मिळते. नंतर पुन्हा साधे पाणी फिरवावे.

दोन शाया, विशेषतः लोहयुक्त आणि दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या, कधीही मिसळू नयेत. पेनात आधीची शाई उरली असताना नवी भरणे हेही मिसळणेच आहे आणि त्यातून बसलेला साका निबखालच्या खाचांतून काढणे कटकटीचे असते. ड्रॉपर ज्याचा त्याचा वेगळा ठेवावा किंवा दर वेळी धुऊन कोरडा करावा. पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतू नये.

बाटली अंधाऱ्या कपाटात, झाकण घट्ट लावून, मूळ खोक्यासकट ठेवावी आणि खोक्यावर उघडल्याची तारीख लिहावी. लोहयुक्त शाई एकदा उघडली की हवेने हळूहळू बिघडते, त्यामुळे स्वस्त मिळते म्हणून तीन-चार बाटल्या साठवण्यात फायदा नाही. भरण्यापूर्वी बाटली उजेडाकडे धरून किंचित तिरकी करावी. तळाशी काळा गाळ किंवा पृष्ठभागावर साय दिसली, अथवा वास नेहमीपेक्षा वेगळा आला, तर ती शाई गाळून वापरण्याचा मोह टाळावा आणि नवी बाटली आणावी.